बिशपच्या काठीचे आटे

शाम रणभिसे बिशप आहे. अँग्लिकन वळणाच्या चर्चचा. हे सांगितलं की लोक आधी विचारतात, बिशप आणि नाव शाम? त्याचं घराणं चार पिढ्यांपासून मराठी ख्रिस्ती. नावं बऱ्याचदा आपल्यासारखीच ठेवतात. मग विचारतात, बिशपला बायको कशी? त्यांच्यात चालते. स्मितावहिनींनी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्या घरात आहेत म्हणून बिशपच्या दोन्ही पायांत एकाच रंगाचे मोजे असतात.

हे दोन प्रश्न संपले की मुद्द्याचं बोलता येतं. मुद्दा काठीचा आहे.

बिशपच्या हातात उंच काठी असते. वरचं टोक आकड्यासारखं वळलेलं. मेंढपाळाची काठी, असा तिचा अर्थ. शामची काठी त्याच्या वडिलांनी केली. दानिएल रणभिसे, कापड मिलमधले टर्नर. लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्रावर, माझे उस्ताद. मी सतराव्या वर्षी हेल्पर लागलो तेव्हा त्यांनी सहा महिने मला फक्त धातू घासायची कानस धरायला शिकवलं. माझं नाव नानासाहेब. ते म्हणायचे, "साहेब, जरा झाडू मारा."

शाम माझ्याहून आठ वर्षांनी लहान. उस्तादांनी एका उन्हाळ्यात सुपरवायझरला विचारून त्याला लेथवर उभं केलं. त्याने कापायची तीन टूल मोडली. चौथं मोडलं तेव्हा त्याने टूलची माफी मागितली. उस्तादांनी लेथ बंद केला आणि म्हणाले, "हा पाद्री होणार."

झाला. सव्विसाव्या वर्षी त्याला दीक्षा मिळाली. त्याच महिन्यात उस्तादांनी बिशपची काठी करायला घेतली. साध्या पाद्र्याला काठी नसते. मी म्हटलं, "उस्ताद, पोरगा आत्ता तर लागला." ते म्हणाले, "मटेरियल आत्ता मिळतंय. प्रमोशन होईल तेव्हा होईल." जुन्या मागाचं लाकूड आणि भंगारातलं पितळ, दोन्ही रीतसर मागून घेतलेलं. जेवणाच्या सुट्टीत रोज वीस मिनिटं. चौदा महिने लागले. काठी तीन तुकड्यांत केली, कारण घरातली पत्र्याची पेटी लहान होती. तुकडे एकमेकांत पितळी आट्यांनी बसायचे. आटे म्हणजे स्क्रूवर कोरलेली वळणं. आमच्या इंदुरात त्याला चूडी म्हणतात. जोड असा की नख फिरवलं तरी लागायचा नाही.

प्रमोशनला एकोणतीस वर्षं लागली.

आधी शामला इंदूरजवळच्या देपालपूरला टाकलं. तिथे ख्रिस्ती घरं सात, सायकल एक. पुढच्या बाकांवर बसायला सगळे लाजायचे, म्हणून शामच मागे जाऊन प्रवचन द्यायचा. बाप्तिस्मे कमी दिले, गॅस कनेक्शनचे फॉर्म जास्त भरले. सुगीच्या सणाला लोक चर्चला गहू, लसूण, भोपळे आणून देत आणि त्याचा लिलाव होई. पुकारा शामच करायचा. एकदा जोशात त्याने स्वतःच्याच बोलीवर बोली चढवली आणि एक कोंबडा स्वतःलाच तिप्पट भावात विकला. स्मितावहिनींनी तो कोंबडा तीन वर्षं पाळला. म्हणायच्या, कापायला परवडत नाही.

याच काळात काठीही कामाला लागली. आकड्याने चिंचा पाडल्या. मधल्या तुकड्यावर खिडकीचा पडदा आला. खालच्या तुकड्याने अंगणातले सांड हाकलले. उस्तादांना हे सांगायची कुणाची हिंमत नव्हती. ते १९९९ साली गेले. काठी पेटीत आहे, या समजुतीत गेले.

पुढे खंडवा, रतलाम. २०१७ साली बिशपची निवड झाली. दोन तगडी नावं होती. शामचं तिसरं, यादी पुरी दिसावी म्हणून घातलेलं. दोन्ही गट एकमेकांना पाडायला इतके झटले की मतं तिसऱ्याला गेली. अभिषेकाच्या सकाळी स्मितावहिनींनी पडदा उतरवला, मधला तुकडा पुसला आणि काठी जोडून दिली. त्या दिवशी शेजाऱ्यांना त्यांचं घर आरपार दिसलं.

सात वर्षं काठी नीट चालली. मागच्या वर्षी शामच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर काठीचं डोकं पडायला लागलं.

पहिल्यांदा पडलं ते एका प्रार्थनेत. आकडा सुटला, जमिनीवर घरंगळला आणि हार्मोनियमखाली गेला. तो काढायला दोन माणसं आडवी झाली. बाकीच्यांना वाटलं गुडघे टेकायची वेळ आहे. सगळं चर्च खाली बसलं. दुसऱ्यांदा आकडा लाउडस्पीकरच्या वायरीत अडकला आणि तिथेच लोंबकळत राहिला. बिशप उरलेली काठी घेऊन वेदीपर्यंत गेले. त्यांना पत्ता नाही. व्हिडिओ मला तीन ठिकाणांहून आला. एक तर माझ्या दूधवाल्याकडून.

चर्चच्या कमिटीच्या सेक्रेटरी प्रेमलताजी. बिजली दफ्तरातून रिटायर झालेल्या. त्या शामच्या घरी आल्या आणि उभ्याउभ्याच बोलल्या.

"बिशपजी, रविवारी राजेंद्र नगरला नवं चर्च उघडायचंय. तीनशे लोक येणार. मी दिल्लीहून नवी काठी मागवली आहे. अल्युमिनियमची, एकसंध."

"माझी चालते ना, प्रेमलताजी."

"चालते कुठे? तुकड्या-तुकड्यांत फिरते. शेवटचा चान्स देते. रविवारी जर ती सुटली, तर काचेच्या अलमारीत जाणार. खाली तुमच्या बाबांच्या नावाची पट्टी लावू. अलमारीत पण मानच असतो."

त्या गेल्यावर शामने रिक्षा केली आणि सुदामा नगरला माझ्याकडे आला. गुरुवारची सकाळ होती. मी मिक्सरचं झाकण दुरुस्त करत होतो.

"भाऊ, दिल्लीची काठी पाहिली मी फोटोत," तो म्हणाला. "सेल्फी काढायची असते तशी दिसते."

"मग?"

"बाबांनी ही चालायला केली होती. अलमारीत गेली की संपली. रिटायर व्हायला माझी दोन वर्षं राहिलीत. तेवढी हिच्याबरोबर चालू द्या मला. बाकी काही मागत नाही."

मी काठी घेतली. जोडावर प्लंबर लावतात ती पांढरी टेप होती. तिच्यावर गोंद. गोंदावर सेलोटेप. खालून सगळं बुळबुळीत.

"हे तेल कुणी लावलं?"

"मीच. खोबरेल. फिरवायला जड जात होतं."

"म्हणजे सुटणाऱ्या जोडाला तू तेल दिलंस. टर्नरचा मुलगा तू."

"पाद्री पण आहे, भाऊ. थोडी क्षमा ठेवा."

मी जोड रॉकेलने पुसले. आटे झिजले होते, पण सुटण्याइतके नाही. उस्तादांचं काम. दोष दुसरीकडे होता. मी खडूने वरच्या जोडावर एक उभी रेघ मारली, अर्धी वरच्या तुकड्यावर, अर्धी खालच्या. म्हटलं, "चल. गल्लीच्या टोकापर्यंत. चर्चमध्ये चालतोस तसा."

तो चालायला लागला. मी मागून. सवयीने तो संथ चालतो, मान वर. अंगात जांभळा शर्ट, गळ्यात क्रॉस, हातात सहा फुटांची आकडेवाली काठी. पोहेवाल्याकडची माणसं प्लेटा धरून बघत राहिली. भाजीवाला म्हणाला, "भिया, जुलूस है क्या? ढोल कहाँ रह गया?" समोरच्या बंगल्यातल्या सरलाताई धावत येऊन पाया पडल्या. कुणाच्या पडतोय हे त्यांनी नंतर विचारलं. शामने आशीर्वाद दिला. मी ओरडलो, "थांबू नको, मोजतोय!"

चाळीस पावलांवर रेघ तुटली. वरची अर्धी एकीकडे, खालची अर्धी बोटभर दुसरीकडे.

कारण साधं होतं. ऑपरेशनच्या आधी शाम काठी नुसती मिरवायचा. आता तो तिच्यावर वजन टाकत होता. टोक जमिनीत घट्ट, आणि प्रत्येक पावलाला त्याचं मनगट थोडं डावीकडे वळायचं. सरळ आटे डावीकडे फिरवले की सुटतात. तो स्वतःच्या हाताने, रोज, प्रार्थनेसकट, काठी खोलत होता.

"म्हणजे बाबांची चूक नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती. तुझी चाल वाकडी आहे."

उपाय एकच. आटे उलटे कापायचे. मग डावीकडे वळवलं की जोड सुटायच्या ऐवजी आवळतो. पंख्याच्या पात्याला, सायकलच्या एका पॅडलला असे असतात. दोन जोड म्हणजे पितळेचे चार तुकडे नवे करायचे. हाती तीन दिवस.

माझ्या ओळखीच्या स्वानंदचं वर्कशॉप पोलोग्राउंडला आहे. त्याच्याकडे सगळ्या मशिनी कॉम्प्युटरच्या. एक जुना लेथ कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून असतो. मी गेलो की तो ताडपत्री काढतो. शुक्रवारी त्याने बिशपला पाहून खुर्ची पुसली.

"बसा, बिशपजी. चहा, कॉफी?"

"खुर्ची उचल," मी म्हटलं. "तो चर्चमध्ये बिशप. इथे हेल्पर."

लेथ मी चालवला. शामला लेथच्या जवळ येऊ दिलं नाही. टूल महाग झालीत. त्याला कानस दिली आणि जुने जोड घासून साफ करायला सांगितले. कानस सरळ ढकलायची असते. तो पाळणा हलवावा तशी हलवत होता. तीनदा हात धरून दाखवलं. अर्ध्या तासाने त्याने तळहात पुढे केला. फोड आला होता.

"या हातांनी मी पंचवीस-तीस हजार डोक्यांना आशीर्वाद दिलाय, भाऊ."

"डोकी मऊ असतात. पितळ नसतं."

स्वानंद हसत होता. मी त्याला म्हटलं, "तुझी कॉम्प्युटरवाली पोरं तरी कुठे कानस धरतात?" मग तो आत गेला.

शनिवारी दुपारी काठी जोडली. शामने लावून पाहिली आणि घाबरला. "भाऊ, हे तर निघतंय!"

"उलटे आहेत. डावीकडे फिरव."

त्याने फिरवलं. बसलं. काढायला सांगितलं तर पुन्हा डावीकडेच फिरवून आवळायला लागला. दहा वेळा करून घेतलं, दहाही वेळा चुकला. संध्याकाळी स्मितावहिनी त्याला न्यायला आल्या. त्यांना एकदा सांगितलं. त्यांनी काठी खोलली, जोडली आणि म्हणाल्या, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली. यांना डावं-उजवं मीच सांगते. रविवारी पण सांगू का?"

मग मी ठोका करून घेतला. नवं चर्च उघडताना दार आतून बंद असतं. बिशप बाहेर उभा राहून काठीच्या खालच्या टोकाने तीनदा ठोकतो. तिसऱ्या ठोक्याला आतले लोक दार उघडतात. अशी रीत. शाम वर्कशॉपच्या भिंतीवर टक, टक करत होता. झोपलेल्या माणसाला उठवायला संकोच वाटावा तसा.

"हा ठोका आहे?" मी म्हटलं. "जोड पक्का केलाय. पूर्ण जोर लाव. अर्ध्या हाताने केलेलं काम मोजत नाहीत."

पुढे जे झालं त्यात हे माझं वाक्य आहे. ते मी लपवत नाही.

रविवारी मी राजेंद्र नगरला लवकर पोचलो. काठी तपासली. नवी खडूची रेघ मारली, बारीक. दार तपासलं नाही. ती माझी दुसरी चूक. दार दोन फळ्यांचं, चकचकीत, सागवानी रंगाचं. प्रेमलताजी फाटकापाशी उभ्या होत्या. बाजूच्या गाडीत दिल्लीची काठी, प्लास्टिकच्या वेष्टनात तयार.

मिरवणूक निघाली. शाम लांब झगा, डोक्यावर उंच टोपी घालून मागून येत होता. काठीवर वजन टाकत, मनगट डावीकडे वळवत. फाटकापासून दारापर्यंत दीडशे पावलं. रेघ जागची हलली नाही. प्रेमलताजी माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "आत्तापर्यंत तर ठीक आहे, नानासाहेबजी." मी रेघ बघत राहिलो. काम संपायच्या आधी बोलू नये.

पहिला ठोका दणदणीत पडला. लोक दचकले. दुसरा त्याहून मोठा. शामने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिसऱ्याला त्याने दोन्ही हात लावले.

काठी दारात घुसली. वीतभर आत. फळी आतून पोकळ होती. वर पातळ प्लाय आणि मध्ये पुठ्ठ्याच्या घड्या. सागवान फक्त रंगात होतं.

आतल्या लोकांना काय माहीत. तिसरा ठोका ऐकला, दार उघडलं. दार आत उघडायचं. काठी दाराबरोबर गेली आणि काठी न सोडणारा बिशप काठीबरोबर. फळी भिंतीला टेकेपर्यंत तो बारीक पावलं टाकत वळणाने गेला आणि दाराच्या बाजूच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गाणाऱ्यांनी गाणं सुरू केलं. लोक त्याच्या पाठीमागून आत गेले, बिशप गर्दीआड. टोपीचं टोक फक्त वर दिसत होतं. त्याने तिथूनच आशीर्वाद दिला. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं.

मग ओढाओढी. दोन पाद्री आले. त्यांनी झगे वर खोचले, भिंतीला पाय लावून काठी ओढली. दार करकरलं. काठी निघेना.

प्रेमलताजी घामाघूम. म्हणाल्या, "खोलून टाका ना तिला! वरचे दोन तुकडे काढा. खालचा राहू द्या दारात, प्रार्थना तर सुरू करा."

एका पाद्र्याने खालचा जोड धरला आणि डावीकडे पिळला. सगळं जग स्क्रू डावीकडे पिळूनच सोडतं. जोड आणखी आवळला. दुसऱ्याने हात लावला. दोघांनी मिळून पिळला. तोंडं लाल झाली.

"अरे, जोर लावा!" प्रेमलताजी म्हणाल्या. "दर वेळी आपोआप सुटते, आज काय झालं हिला?"

मी शामकडे पाहिलं. उजवीकडे फिरवलं असतं तर बोटानेही सुटलं असतं. शनिवारी दहा वेळा चुकलेल्या माणसाला ते आत्ता लख्ख आठवलेलं दिसत होतं. सांगितलं, तर काठी तीनशे लोकांसमोर सुटणार आणि अलमारीत जाणार. न सांगावं, तर बिशप असून लपवल्यासारखं. त्याचा चेहरा लेथवर टूल मोडल्यावर व्हायचा तसा झाला होता. स्मितावहिनी पहिल्या बाकावरून त्याच्याकडे बघत होत्या.

तो म्हणाला, "प्रेमलताजी, उलट्या—"

मी पुढे झालो. "कुणी खोलू नका. ओढू पण नका. सरका."

दार भिंतीपासून ओढून मी त्याच्या मागे गेलो. काठीचं पितळी टोक पलीकडून बाहेर आलं होतं. त्यावर बाकाची उशी ठेवली आणि तळहाताने दोन धक्के दिले. निघाली. इतका वेळ सगळे एकाच बाजूने झटत होते, पलीकडे जाऊन बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

काठी अखंड होती. रेघ जागेवर.

प्रार्थना झाली. प्रवचन शामने छोटं ठेवलं. चहाच्या वेळी तो सरळ प्रेमलताजींकडे गेला. मी समोसा घेऊन जवळच होतो.

"मला कबूल करायचंय," तो म्हणाला. "काठी सुटली असती. आटे उलटे केलेत. उजवीकडे फिरवायला हवं होतं. मला ठाऊक होतं आणि मी लगेच बोललो नाही."

प्रेमलताजींनी कप खाली ठेवला. "किती वेळ नाही बोललात?"

"मिनिटभर. दीड मिनिट."

"बिशपजी, बिजली दफ्तरात लोक तीस-तीस वर्षं नाही बोलत." मग त्यांनी पर्समधून वही काढली. "मी काय म्हटलं होतं? सुटली तर. तीनशे लोकांसमोर दोन पाद्र्यांनी ओढली, पिळली, मी स्वतः खोलायला सांगितली. सुटली नाही. मी मिनिट्समध्ये तेच लिहिणार. दिल्लीवाली परत जाईल."

 शामने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्या म्हणाल्या, "केस विस्कटले," पण डोकं हलवलं नाही.

मग माझ्याकडे वळल्या. "नानासाहेबजी, दरवाजाचं काय? नवं दार, उद्घाटनाच्याच दिवशी भोक."

"ठेकेदाराला बोलवा, आतला पुठ्ठा दाखवा. तोवर भोकावर पितळी पट्टी लागेल, दोन्ही बाजूंनी."

"मग करून द्याल?"

"मापं देतो. भोक ज्याने पाडलं त्याला पाठवा."

सोमवारी सकाळी नऊला शाम वर्कशॉपला आला. जुना शर्ट, हाताला रुमाल बांधलेला. स्वानंदने या वेळी खुर्ची पुसली नाही. मी पितळेच्या दोन चौकोनी पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. त्याने पहिली शिकंज्यात, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, धरली आणि घासायला लागला. अजून पाळणा हलतच होता, पण कमी. दोन तासांनी त्याने पट्टी माझ्या हातात दिली.

मी चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. तीन बरे होते. चौथा बोचला.

परत दिली.